टॅपेट कानाने बसत नाही



आज द्राक्षावर नाही, कांद्यावर नाही. इंजिनावर लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

आपल्याकडे एक वाक्य मोठ्या अभिमानाने बोललं जातं. "आपला मिस्त्री टॅपेट कानाने सेट करतो, त्याला गेज-बिज लागत नाही." टपरीवर हे वाक्य निघालं की चार माना डोलतात. मला विचाराल तर हे कौतुक नाही, तक्रार आहे. उद्या कुणी विहिरीच्या पाण्याचा ईसी जिभेवर घेऊन सांगायला लागला तर त्याच्या भरवशावर आपण ठिबकमधून खत सोडू का? पानाला बोट लावून कुणी नत्राचा टक्का सांगितला तर त्याला वेड्यात काढू. मग ज्या इंजिनावर फवारणी, मजूर, माल, बाजार सगळं लटकलेलं आहे तिथे कान कसा काय चालतो?

आधी टॅपेट म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. माहीत असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

इंजिनाच्या हेडात हवा आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर टाकायला दुसरा. कॅम फिरतो, पुशरॉड वर येतो, रॉकर खाली दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. कॅम पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. ही फट म्हणजेच आपण ज्याला टॅपेट म्हणतो ते सेटिंग. झेरॉक्सचे तीन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढी. फट का? कारण इंजिन तापतं. व्हॉल्व्ह तापून लांबतो. हेड, ब्लॉक, पुशरॉड, सगळंच आपापल्या हिशोबाने लांबतं. फट ठेवलीच नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटणारच नाही, केसभर उघडा राहील.

आणि डिझेलमध्ये केसभर म्हणजे फार झालं. आपल्या इंजिनाला प्लगची ठिणगी नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात डिझेल फवारलं की ते पेटलंच पाहिजे. व्हॉल्व्हमधून हवा निसटली की दाब गेला, दाब गेला की उष्णता गेली. मग सेल्फ मारत बसा आणि पांढरा धूर बघत बसा.

आता मूळ मुद्दा.

टॅपेट ढिला झाला तर आवाज येतो. टक टक टक. हा आवाज कानाला कळतो, मान्य आहे. मुरलेला मिस्त्री लांब पाना एका टोकाने हेडला टेकवून, दुसरं टोक कानाशी धरून कोणत्या सिलिंडरचा रॉकर वाजतोय ते सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. त्या कानाला माझा नमस्कार आहे. पण टॅपेट ताठ झाला तर? काहीच आवाज येत नाही. फट जेवढी हवी त्याच्या निम्मी असली तरी इंजिन गप्प, आणि अजिबात नसली तरी गप्प. दोन्हीतला फरक जगातल्या कोणत्याही कानाला कळणार नाही, कारण ऐकायला काही नाहीच. मग कानाने सेट करणारा मिस्त्री काय करतो? आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळतो. आवाज बंद झाला की मालक खूश. "बघा, इंजिन कसं लोण्यासारखं चालतंय." गाडी वस्तीवर येते, आणि लोण्यासारख्या चालणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या दिवसापासून जळायला लागतो.

जळतो कसा तेही समजून घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून पेटता वायू जातो. ओझं असताना त्याचं तोंड लाल होण्याइतकं तापतं. ही उष्णता तो सोडतो कुठे? थोडी दांडीतून गाईडमध्ये, आणि बहुतांश मिटलेल्या वेळात सीटवर टेकून. सीटमागून कूलंटचं पाणी फिरतंय, तिथे ती उष्णता निघून जाते. ट्रॅक्टर १८०० आरपीएमला ब्लोअर चालवतोय असं धरा. प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ९०० वेळा उघडतो आणि मिटतो, तासाला ५४,००० वेळा. प्रत्येक मिटण्यात त्याला सीटवर टेकून दम घ्यायचा असतो. फट कमी असेल तर तो दम अर्धवट मिळतो. फट नसेल तर मिळतच नाही. वर त्या केसभर उघड्या जागेतून स्फोटाच्या दाबाचा वायू शिट्टीसारखा निसटतो आणि गॅस कटरने पत्रा कापावा तशी व्हॉल्व्हची कड खातो.

मागच्या टोमॅटो हंगामात आमच्या शिवारात एका जुन्या पिकअपचं हेच झालं. गाव, गॅरेज, माणूस कुणाचंच नाव घेत नाही. टक टक येते म्हणून टॅपेट "बसवून" आणला, गेज न लावता. पहिले काही दिवस गाडी गप्प, मालक समाधानी. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सकाळी एका सेल्फला चालू व्हायची, आणि पिंपळगावला क्रेट उतरवून परत निघताना, गरम असताना, हुंदके द्यायची. मी म्हणालो, "नाना, गरम झाल्यावरच त्रास देतेय, एकदा टॅपेट मोजून घ्या." नाना म्हणाले, "अरे आत्ताच तर केलाय, आवाज पण नाही." मग नोझल बदलले. मग पंप कॅलिब्रेशनला गेला. मग डिझेलमध्ये भेसळ आहे असं ठरलं. शेवटी सकाळीही चालू होईना तेव्हा हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडेला चावा घेतल्यासारखी खाच. व्हॉल्व्ह, सीट, लेथवाल्याची पाळी, हेड गॅस्केट, आणि या सगळ्यात माल भाड्याच्या गाडीने बाजारात. नोझल आणि पंपाचे पैसे तर फुकटच गेले.

आणि हिशोब लिहिताना नानांनी वहीत काय लिहिलं असेल? "गाडी दुरुस्ती." मूळ कारण कुठेच नोंदलं नाही. ते गॅरेज आजही कानानेच टॅपेट बसवतंय, आणि तिथे आजही रांग आहे.

काही जण म्हणतील, मग ढिलाच ठेवू, निदान जळणार तरी नाही. दोन वाईटांत ढिला बरा, हे खरं. पण तोही फुकट नाही. ढिल्या टॅपेटचा व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पूर्ण उघडत नाही. हवा कमी, धूर काळा, ओढ कमी. शिवाय कॅमला सुरुवातीला आणि शेवटी जो हलका चढ-उतार दिलेला असतो तो फटीतच वाया जातो आणि व्हॉल्व्ह सीटवर अलगद टेकण्याऐवजी आपटतो. रॉकरचं तोंड, दांडीचं टोक, पुशरॉडची वाटी सगळं ठोकलं जातं. तेव्हा "थोडा ढिला असू दे" हेही शास्त्र नाही, आळसच आहे.

बरं, आकडा किती? इथे दुसरा घोळ. "सगळ्या डिझेलला बारा थाऊ" असं एक ब्रह्मवाक्य फिरतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एक थाऊ ०.०२५ मिमी. हे बारा थाऊ आलं कुठून? मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या तीन सिलिंडरी ट्रॅक्टरला जे पर्किन्स ३.१५२ घराण्याचं इंजिन आहे, त्याला थंड असताना १२ थाऊ म्हणजे ०.३० मिमी, आणि गरम असताना १० थाऊ म्हणजे ०.२५ मिमी. त्या इंजिनाला हे एकदम बरोबर. पण दुसरं उदाहरण घ्या. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात जोडलेली लोगन, नंतरची व्हेरिटो, तसंच डस्टर, या गाड्यांतलं रेनोचं १.५ लिटर डिझेल. त्याला इनटेक ०.१२५ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.३२५ ते ०.४५ मिमी, थंड असताना. तिथे ब्रह्मवाक्याप्रमाणे बारा थाऊ धरले तर इनटेक ढिला आणि एक्झॉस्ट ताठ, दोन्ही चूक, एकाच आकड्यात. म्हणून माझ्या जीपचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. दिला तर उद्या कुणीतरी तो आपल्या पिकअपला लावेल. हेड बिडाचं की ॲल्युमिनियमचं, पुशरॉड किती लांब, कॅम वर की खाली, यावर आकडा ठरतो. तो इंजिनाच्या पुस्तकात असतो. काही इंजिनांवर टॅपेट कव्हरच्या पाटीवरही दिलेला असतो.

आणि तिसरा घोळ सगळ्यात चीड आणणारा. काही डिझेल गाड्यांना टॅपेट सेटिंग नसतंच. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ वगैरेंमध्ये जे १.३ लिटरचं फियाटचं मल्टिजेट इंजिन आलं, त्याला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ऑइलच्या दाबावर ते आपली फट आपणच भरून काढतात. तिथे स्क्रू नाही, नट नाही, आवळायला काहीच नाही. तिथे टक टक आली तर ऑइल बघायचं: पातळी, दर्जा, दाब, फिल्टर. आमच्या भावकीतल्या एकाच्या स्विफ्ट डिझेलच्या बिलावर मी माझ्या डोळ्यांनी "टॅपेट सेटिंग" वाचलंय. जे इंजिनात नाही त्याची मजुरी! त्याने मुकाट्याने भरली, कारण बिलातला शब्द तांत्रिक होता. शेतकऱ्याला खताच्या गोणीवरचे एन-पी-के वाचता येतात, औषधाच्या लेबलवरचा पीएचआय वाचता येतो, आणि गाडीच्या बिलापुढे मात्र तो अंगठेबहाद्दर होतो. हे मला मान्य नाही.

तर करायचं कसं? जुन्या चार सिलिंडरच्या, रॉकर आणि स्क्रू-नटवाल्या डिझेल जीपवर मी जसं करतो तसं सांगतो.

इंजिन थंड हवं. थंड म्हणजे रात्रभर उभं असलेलं. चहा पिऊन आलो तेवढ्यात झालेलं थंड नाही. (पुस्तक गरम म्हणत असेल तर गरम. पण मग नीट गरम, अर्धवट नाही.) गाडी सपाटीवर, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. कव्हर उघडण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि फडक्याने साफ करायची. आपल्या गाड्यांच्या हेडावर अर्धं वावर बसलेलं असतं, ते आत गेलं तर टॅपेट राहिला बाजूला.

इंजिन हाताने फिरवायचं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, ज्या बाजूला इंजिन फिरतं त्याच बाजूला. हीटर प्लग काढून ठेवले तर दाब राहत नाही आणि इंजिन हलकं फिरतं. सेल्फ मारून अंदाजाने थांबवणं हा प्रकार बंद करा.

आता कोणता सिलिंडर कधी? फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल (बहुतेक चार सिलिंडरी डिझेलची असते, पण पुस्तकात बघाच) तर पहिला आणि चौथा जोडीदार, दुसरा आणि तिसरा जोडीदार. चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही रॉकरवर नजर ठेवून हळूहळू फिरवा. एक्झॉस्ट मिटत येतो आणि त्याच क्षणी इनटेक उघडू लागतो, एक वर येतोय आणि एक खाली जातोय, अशी जागा सापडेल. तिथे थांबा. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले आहेत, ते मोजा. अर्धा फेरा फिरवलात की दुसऱ्याची झुलणी दिसेल, तेव्हा तिसरा मोजा. पुन्हा अर्धा फेरा, पहिला झुलतोय, चौथा मोजा. पुन्हा अर्धा, तिसरा झुलतोय, दुसरा मोजा. क्रँकचे दोन फेरे, आठ व्हॉल्व्ह, काम पूर्ण. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला जोडीदार नसतो. तिथे प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या दाबाच्या टीडीसीला आणूनच मोजावा लागतो.

इनटेक कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे मॅनिफोल्डच्या नळ्यांवरून ओळखा. सगळ्या इंजिनांत एकाआड एक असतात असं धरून चालू नका.

गेजचं पान फटीत सरकलं पाहिजे, पण थोडं ओढून धरल्यासारखं. मोकळं सुळकन गेलं तर फट जास्त, रेटावं लागलं तर कमी. शंका असेल तर सोपी परीक्षा: ०.३० हवं असेल तर ०.३० चं पान जावं आणि ०.३५ चं जाऊ नये. लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, पान आत ठेवूनच स्क्रू पेचकसाने धरून नट आवळा. आणि नट आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा सरकतो. सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होतात, कारण दुसऱ्यांदा मोजायचा कंटाळा.

रॉकरच्या तोंडावर खड्डा पडलाय का तेही बोट फिरवून बघा. खड्डा असेल तर गेजचं सरळ पान त्याच्या दोन काठांवर पुलासारखं बसतं. गेज सांगतं ०.३०, आणि खरी फट खड्ड्याएवढी जास्त. मग "गेजने सेट केलं तरी वाजतंय, म्हणजे गेज कुचकामी" असं म्हणणारे निघतात. गेज कुचकामी नाही, रॉकर खाल्लेला आहे.

शेवटी हाताने दोन फेरे फिरवून सगळं एकदा पुन्हा तपासा, मग कव्हर. कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं घाला. ट्यूब भरून सिलिकॉन फासू नका. आत आलेला जादा रबर तुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो आणि मग टॅपेटच्या पलीकडची दुखणी सुरू होतात.

अजून एक. हेड उतरवून बसवलं असेल किंवा हेडचे बोल्ट पुन्हा आवळले असतील, तर टॅपेट पुन्हा मोजल्याशिवाय काम पूर्ण झालेलं नाही. हेड खाली बसलं की फट बदलते. हे गॅरेजवाल्याला विचारा. उत्तरावरून माणूस कळेल.

लोगन-डस्टरवाल्यांनी मात्र स्क्रू शोधू नये. तिथे कॅम थेट बादलीसारख्या टॅपेटवर बसतो आणि फट बदलायची तर वेगळ्या जाडीचा टॅपेट घालावा लागतो, त्यासाठी कॅम उतरवावा लागतो, टायमिंग पट्टा काढावा लागतो. ते काम अंगणातलं नाही. पण पट्टा बदलायला गाडी जाईल तेव्हा "आठही व्हॉल्व्हची मापं कागदावर लिहून द्या" एवढं म्हणायला काय हरकत आहे? "चेक केलं" नको. मापं हवीत. बरोबरची खूण छापील कागदावर कुणालाही करता येते. आठ आकडे लिहायला कव्हर उघडावं लागतं.

आता खरं सांगतो, माझं भांडण नुसतं सेटिंगवरून नाही. भांडण नोंदीवरून आहे. स्क्रूला हात लावण्याआधी आठही मापं जशी आहेत तशी वहीत लिहा. तारीख, मीटर, आठ आकडे. पुढच्या वेळी पुन्हा लिहा. रॉकरवाल्या इंजिनात झिजेने फट सहसा वाढत जाते. पण एखाद्याच एक्झॉस्टची फट दर वेळी कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. वर सगळं ठीक दिसतंय, आवाज नाही, धूर नाही, आणि वही मात्र सांगतेय की या हेडाचं काम काढावं लागणार आहे. मग ते काम आपल्या सोयीने, मे महिन्यात, दोन ठिकाणी भाव विचारून करता येतं. गोडी छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत पाऊस लागला आणि डाऊनीसाठी एक दिवसाआड ब्लोअर फिरवायचा असला, की त्या आठवड्यात ट्रॅक्टरचं हेड उतरलेलं परवडतं का? ज्यांनी एक फवारणी चुकल्यावर घड गळताना पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. कानाने सेट करणारा मिस्त्री हा पुरावाच पुसून टाकतो. आधी किती होतं हे त्यालाही माहीत नाही, तुम्हालाही नाही.

इथे कृषी खात्यातले, विद्यापीठातले, केव्हीकेतले बरेच मित्र वाचतात, त्यांच्याशीही दोन शब्द. तुम्ही आम्हाला माती परीक्षण शिकवलंत, देठ परीक्षण शिकवलंत, नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजायला लावलंत. मोजल्याशिवाय घालू नका, हा तुमचाच धडा. मग त्याच नोझलमागे जे इंजिन आहे त्याच्याबाबत तुमच्या मेळाव्यात एक शब्द का नसतो? यांत्रिकीकरणाचं उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे, अनुदानावर यंत्रं आली, चांगलंच झालं. पण यंत्र देतानाचा फोटो निघतो, ते दहा वर्षं टिकवायचं कसं याचा वर्ग कुठे भरतो? केंद्र सरकारच्या शेती यंत्रांच्या प्रशिक्षण आणि चाचणी संस्था चार: बुदनी, हिसार, अनंतपूर आणि विश्वनाथ चारिआली. चारातली एकही महाराष्ट्रात नाही. निफाडचा पोरगा टॅपेट शिकायला मध्य प्रदेशात जाणार आहे का? तालुक्याच्या आयटीआयत मेकॅनिक डिझेल नावाचा ट्रेड असतो, तिथे हेड असतं, गेज असतं, शिकवणारा निदेशक असतो. मेळाव्यात ड्रोन उडवून दाखवता, उडवा. पण शेजारच्या टेबलावर एक उघडं हेड आणि एक फिलर गेज ठेवा. बघा गर्दी कुठे जास्त होते.

उत्पादन खर्चाच्या तक्त्यात तुम्ही यंत्राचा खर्च एका ओळीत बसवता. त्या ओळीत नानांचे फुकट गेलेले नोझल आहेत, नसलेल्या टॅपेटची मजुरी आहे, आणि हंगामात भाड्याने केलेल्या गाड्या आहेत. ती ओळ खताच्या ओळीसारखी फोडून बघा एकदा.

मिस्त्री लोकांनी वाईट वाटून घेऊ नये. तुमच्यातले चांगले जे आहेत त्यांच्या खिशात गेज असतंच, आणि ते मालकाला पान ओढून बघायला देतात. वाद त्यांच्याशी नाही. आणि मालकांनो, गेजवाला मिस्त्री अर्धा तास जास्त घेतो म्हणून त्याच्याशी घासाघीस करू नका. गेज एका साध्या बुरशीनाशकाच्या पुड्यापेक्षा महाग नाही, स्वतःचंही एक घेऊन ठेवा. घेताना मिमी आणि इंच दोन्ही आकडे छापलेलं बघून घ्या, आणि पानांना तेलाचा हात लावून ठेवा, नाहीतर गंजून त्यांचीच जाडी बदलते.

येत्या रविवारी सकाळी सातला मी वस्तीवर जीपचं कव्हर उघडतोय. ज्यांना हाताने करून बघायचंय त्यांनी या. आपापल्या गाडीचं पुस्तक आणा, पुस्तक नसेल तर इंजिनावरच्या पाटीचा फोटो आणा. सातच्या नंतर आलात तर ऊन चढलेलं असेल आणि मी मोजून घेतलेलं असेल. स्विफ्ट डिझेलवाल्यांना मोजायला काही नाही, त्यांनी नुसतं चहाला या.